शपथ न घालणाऱ्या बाई

करण गेला तो मंगळवार होता. शाळेत दुसरा तास चालू होता. कोकरे बाई मैदानावर खो-खोची आखणी करत होत्या. शिपाई त्यांचा फोन घेऊन गेला. फोनवर त्या "व्हय" म्हणाल्या, मग "कुठं" म्हणाल्या. त्यांनी फक्कीचे घमेले खाली ठेवले, मुलांना वर्गात जायला सांगितले आणि त्या रिक्षाने सरकारी दवाखान्यात गेल्या. करण त्यांच्या भावाचा मुलगा. तो बारावीत होता आणि बाईंकडे राहत होता. त्याने गोळ्या घेतल्या होत्या. बाई पोचल्या तेव्हा तो गेलेला होता.

बाईंना जाऊन आता वर्ष होत आले. त्यांच्याविषयी लिहावे असे तेव्हापासून मनात आहे. पण लिहायला बसलो की तो मंगळवार आधी येतो आणि बाकीच्या बाई त्याच्यामागे उभ्या राहतात. म्हणून तो आधी लिहून टाकला.

द्वारका कोकरे आमच्या शाळेत खेळाच्या शिक्षिका होत्या. मी त्याच शाळेत ग्रंथालय सांभाळतो आणि आठवी-नववीला मराठी शिकवतो. ग्रंथालयाची खिडकी मैदानाकडे उघडते. त्यामुळे बाईंची पाठ, त्यांची चाल आणि त्यांच्याशेजारून चालणारी मुले ही माझ्या नोकरीतली रोजची दृश्ये होती. बाई नऊवारी नेसायच्या वयाच्या नव्हत्या आणि ट्रॅकसूट घालायचे त्यांच्या मनात आले नाही. पाचवारी साडी, पदर कमरेला खोचलेला, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. गळ्यात शिट्टी असे, पण ती तोंडात क्वचितच जाई. मुलांना गोळा करायचे असले की त्या जीभ टाळूला लावून एक आवाज काढत. तो आवाज कागदावर उतरवता येत नाही. मैदानाच्या चारी कोपऱ्यांतून मुले धावत येत. एकदा तपासणीला आलेल्या साहेबांनी हे पाहून विचारले, ही कुठली पद्धत? बाई म्हणाल्या, "शिट्टी बाजारात मिळती साहेब. ही हाक आमच्या घरची हाय. मेंढरं येतात, मग लेकरं का नाय येणार?"

त्यांचे घर पिशोरचे. वडील मेंढरांमागे फिरलेले, भाऊ तुळशीराम अजूनही थोडी मेंढरे आणि थोडी शेती सांभाळणारा. घराण्यात शिकून नोकरीला लागलेल्या त्या पहिल्या. लग्न झाले होते आणि मोडलेही होते. त्याबद्दल विचारण्याची हिंमत स्टाफरूममध्ये कुणाला झाली नाही. मला मात्र त्या येता-जाता टोचत. "सर, तुमचं बरंय. तुमची पुस्तकं उलटून बोलत नायत. आणि पळून बी जात नायत." मी हसत असे. मला उत्तर सुचेपर्यंत त्या मैदानावर पोचलेल्या असत.

आमची शाळा शहराच्या ज्या भागात आहे, तिथली निम्मी मुले वाळूजच्या कंपन्यांत शिफ्टला जाणाऱ्यांची. बाकीची रिक्षावाल्यांची, गवंड्यांची, भाजीवाल्यांची. नळाला पाणी येई त्या दिवशी वर्ग अर्धे रिकामे असत. या मुलांच्या गल्लीत गोळ्या मिळतात हे आम्हाला सगळ्यांना माहीत होते. झोपेच्या गोळ्या, एकेक सुट्या विकलेल्या. मुले त्यांना बटण म्हणतात. आम्ही शिक्षक हा शब्द ऐकला की विषय बदलत असू. बाई बदलत नसत.

एकदा एका संस्थेची माणसे पडदा आणि यंत्र घेऊन आली. हॉलमध्ये अंधार करून त्यांनी कवट्या दाखवल्या, काळी पडलेली फुप्फुसे दाखवली, प्रत्येक नशेचे नाव आणि तिचा परिणाम सांगितला. मुले आधी घाबरली, मग कुजबुजली, मग हसू लागली. शेवटी काही शंका आहेत का असे विचारल्यावर मागच्या रांगेतून एकाने त्यातल्या एका नशेची किंमत विचारली. बाई माझ्या शेजारी बसल्या होत्या. हळूच म्हणाल्या, "दुकानाचा पत्ता तेवढा द्यायचा राहिला."

त्याच दुपारी त्यांनी नववीला मैदानावर नेले आणि आखणीला लावले. फक्की म्हणजे मैदानावर रेघा मारायची पांढरी पूड. कुणी दोरी धरायची, कुणी घमेले घ्यायचे, कुणी वाकून पूड सोडत जायचे. बाईंची सगळी बोलणी या कामात होत. त्यांचे म्हणणे असे, की समोर बसवून विचारले की लेकरू भिंतीकडे बघून उत्तर देते. हाताला काम असले आणि आपण शेजारून चालत असलो की ते आपसूक बोलते. त्या दिवशी मी खिडकीत उभा राहून ऐकले. बाईंनी विचारले, ती गोळी घेतल्यावर काय वाटते ते कुणाला माहीत आहे? एक जण वाकलेल्या अवस्थेतच म्हणाला, मस्त वाटतं म्हणे.

"व्हय," बाई म्हणाल्या. "मस्त वाटत असंल. नायतर लोकांनी घेतलीच नसती."

मुलांचे हात थांबले. एवढे खरे त्यांना आजवर कुणी सांगितले नव्हते.

"मग पुढं काय व्हतं त्ये ऐका," बाई चालत राहिल्या. "तुमची माय तुम्हाला हाक मारती. ती लांबून आल्यावानी वाटती. दुसऱ्या खेपंला आनखी लांबून. मग एक दिवस ती हाक मारती आन् तुम्हाला ऐकूच येत नाय. ती मारतच ऱ्हाती. रेघ सरळ घे रे, कुठं चाललास."

त्या वर्षी त्यांच्याकडे आलेल्या मुलांपैकी दोघा-तिघांनी गोळ्या सोडल्याचे मला माहीत आहे. नावे मी लिहिणार नाही.

करण त्यानंतर शहरात आला. उंच, लाजाळू, केसांना भरपूर तेल. अकरावीला कॉलेजात नाव घातले आणि आत्याच्या दोन खोल्यांत राहू लागला. संध्याकाळी तो आमच्या मैदानावर पळायला येई. पोलीस भरतीत जायचे त्याच्या मनात होते. बाई हातात घड्याळ घेऊन उभ्या राहत आणि तो जवळून गेला की म्हणत, "मेंढरू बी ह्याच्यापरीस पळतं." तो हसत हसत वेग वाढवी. बाईंना मी त्या काळात जितके खुशीत पाहिले तितके आधी पाहिले नव्हते आणि नंतर तर नाहीच.

पुढचे मला करण गेल्यावर कळले. दहाव्याला मी त्यांच्यासोबत पिशोरला गेलो होतो. मुख्याध्यापकांनी शाळेतर्फे कुणीतरी जावे म्हटले आणि बाकीच्यांना काही ना काही कामे होती. घरासमोर मांडव होता. बाई मांडवात गेल्या नाहीत. मेंढरांच्या वाड्याला टेकून बाहेर बसल्या. भावजय एकदा दारात आली, त्यांच्याकडे पाहिले आणि आत गेली. सगळे आटोपल्यावर तुळशीराम आला. बाईंपेक्षा धाकटा, पण त्या दिवशी थोरला दिसत होता. तो बसला नाही.

"आक्का, तुला म्हाईत व्हतं."

बाईंनी होय म्हणून मान हलवली.

"मला सांगितलं असतंस तर मी त्याला मारलं असतं. लई मारलं असतं. पन मेंढरामागं घेऊन गेलो असतो. कॉलेज गेलं असतं चुलीत. जित्ता ऱ्हायला असता."

एवढे बोलून तो गेला. त्यानंतर तो बाईंशी बोलला नाही.

परतीच्या एसटीत बाई खिडकीशी बसल्या. शेतात कापूस फुटला होता. त्या म्हणाल्या, "खरं बोलला." मग त्यांनी मला सगळे सांगितले. माझ्याकडे बघून नाही, बाहेर बघत.

बारावीच्या सुरुवातीला करण जेवताना ताटावरच पेंगू लागला होता. बाईंनी शाळेतल्या मुलांत ते पाहिलेले होते. त्याच्या बॅगेत गोळ्या सापडल्या. शाळेतले लेकरू असते तर काय करायचे ते त्यांना माहीत होते. पण हा घरचा होता. त्यांनी त्याला आंघोळ करायला लावली आणि देव्हाऱ्यासमोर उभे केले. त्यांच्या घरात खंडोबाचा टाक होता. बेलाचे पान आणि भंडाऱ्याची हळद हातात देऊन त्याला शपथ घ्यायला लावली की पुन्हा गोळीला शिवणार नाही. बेलभंडारा उचलणे ही त्यांच्याकडची शेवटची गोष्ट. बांधाची भांडणे त्यावर मिटलेली, चोरीचा आळ त्यावर गेलेला. उचललेला माणूस खोटे वागेल ही शंका त्या घरात कुणाला आलीच नव्हती. करणने उचलला. तो रडला. बापाला सांगू नको म्हणाला आणि बाईंनी त्याला तसा शब्द दिला. भंडारा उचलल्यावर सांगायचे तरी काय उरले, असे त्यांना वाटले.

काही महिने तो ठीक होता. मग पावसाळा संपता संपता तो जेवायला ताट घेऊन बाहेरच्या पायरीवर बसू लागला. आत उकडते म्हणाला. झोपायलाही बाहेरच. देव्हारा आतल्या खोलीत होता. बाईंना वाटले, खरेच उकडत असेल.

"त्याच्या दोस्तानं मातीच्या दिवशी सांगितलं," बाई म्हणाल्या. "एकदाच घेतली व्हती म्हणे आधी. दोस्त म्हणला, आत्याला सांग. तर करण म्हणला, कोणत्या तोंडानं सांगू, भंडारा मोडलाय. मग रोज घेऊ लागला. मोडलाच हाय म्हणल्यावर मग काय."

एसटी फुलंब्रीला थांबली. माणसे चढली-उतरली. कुणीतरी सीताफळांची पाटी बाईंच्या पायाशी ठेवली आणि बाईंनी पाय आखडून घेतले.

"शाळेतल्या लेकरांना मी शेजारून चालवत न्यायची, सर. घरातल्याला देवापुढं उभा केला. त्याला परत यायला वाटच ठेवली नाय मी."

मी सीताफळांची पाटी माझ्या पायाशी ओढून घेतली.

बाई पुन्हा शाळेत आल्या त्या बारीक होऊन. हाक तीच होती, पण ती काढायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागे. स्टाफरूममध्ये लोक त्यांच्यासमोर आपल्या मुलांविषयी बोलायचे टाळत. बाईंच्या ते लक्षात आले आणि त्या डबा मैदानावरच खाऊ लागल्या.

दर वर्षी आमच्याकडे व्यसनमुक्तीची शपथ होते. सगळी शाळा रांगेत, उजवा हात पुढे, पाहुणे व्यासपीठावर. खेळाच्या बाईंचा आवाज मोठा म्हणून शपथ सांगायचे काम नेहमी त्यांच्याकडे असे. त्या वर्षीही मुख्याध्यापकांनी त्यांचेच नाव ठेवले. त्यात त्यांचा वाईट हेतू नव्हता. बाईंना कामात गुंतवावे असे त्यांना वाटले असणार. बाई माईकपाशी गेल्या. मुलांनी हात पुढे केले. बाई थोडा वेळ त्या हातांकडे पाहत राहिल्या.

"हात खाली घ्या," त्या म्हणाल्या. "मी शपथ सांगणार नाय. घेऊ नका गोळी. लई वाईट हाय. माझ्या घरातलं लेकरू गेलं तिच्यानं, तुम्हाला म्हाईत हाय. पन कुणी घेतली असंल, सोडून परत घेतली असंल, तर त्यानं माझ्याकडं यावं. पहिल्यांदा चुकला तरी यावं, धाव्यांदा चुकला तरी यावं. शपथ घेतली की येता येत नाय."

मुख्याध्यापकांनी माईक घेतला. हात पुन्हा वर गेले आणि शपथ झाली. बाई रांगेच्या शेवटी जाऊन उभ्या राहिल्या. नंतर केबिनमध्ये काय झाले ते मुख्याध्यापकांनीच मला सांगितले. ते म्हणाले, बाई, तुमचे दुःख मी समजू शकतो, पण कार्यक्रमाला एक शिस्त असते. बाई म्हणाल्या, "सर, शपथ मोडलेलं लेकरू कुणाकडं जाईल तेवढं ठरवा. मी पुढच्या वर्षी सांगते शपथ." पुढच्या वर्षी शपथ दुसऱ्या शिक्षकांनी सांगितली.

पहिला कोण येतो याची बाई वाट पाहत होत्या. मी खिडकीतून ती वाट पाहणे पाहत होतो. आखणी रोज करावी लागत नाही, पण त्या रोज मधल्या सुट्टीत घमेले घेऊन निघत. आधीची रेघ असे, तिच्यावरूनच पुन्हा. कितीतरी दिवस कुणी आले नाही. मग एकदा नववीतला सोहेल आला. बाप रिक्षा चालवणारा, आई घरी शिलाई करणारी. त्याने न विचारता बाईंच्या हातातून घमेले घेतले. दोघे चालत खिडकीपाशी आले तेव्हा त्यांचे बोलणे मला ऐकू आले.

"मैंने फिर ली, बाई."

"कधी?"

"कल."

"बरं. आलास ते बरं केलंस." काही पावले गेली. "तुझ्या अम्मीला सांगावं लागंल."

सोहेल थांबला. "अम्मी को मत बोलो. आपको मेरी कसम है."

"कसम घालू नको. मी मानत नाय आता. मी तुझ्या पाठीमागं सांगणार नाय, तू शेजारी असशील. आन् सांगून मी निघून येणार नाय. तुझी अम्मी रडंल, अब्बा मारायला उठतील, तवर मी तिथंच बसंल. चल, रेघ पुरी कर."

बाप मारायला उठलाच. बाई मध्ये उभ्या राहिल्या आणि एक फटका त्यांच्या खांद्यावर बसला. हे त्यांनी मला हसत सांगितले. म्हणाल्या, रिक्षावाल्याच्या हाताला जोर असतो. मग सरकारी दवाखान्यातल्या व्यसनमुक्तीच्या विभागात सोहेलला त्या दर आठवड्याला नेत. सोहेल पुन्हा घसरला. पुन्हा आला. पुन्हा घसरला. बाईंच्या तोंडून मी त्याला एकदाही वचन मागितलेले ऐकले नाही. तो दहावी झाला आणि आता वाळूजला एका कंपनीत लागला आहे.

सगळ्यांचे असे झाले नाही. दुसऱ्या एका मुलाच्या घरी बाईंनी असेच सांगितले. त्याच्या वडिलांनी बाई घरात बसून होत्या तोपर्यंत काही केले नाही. बाई तिथून निघाल्यावर त्याला इतके मारले की तो घर सोडून गेला. तो अजून सापडलेला नाही. त्याची आई शाळेच्या फाटकात येऊन बाईंना नाही नाही ते बोलली. बाईंनी सगळे ऐकून घेतले. कोकरे बाई घरी सांगतात, ही गोष्ट मुलांत पसरली आणि येणारी मुले कमी झाली. मी एकदा भीतभीत म्हटले, न सांगून बघता येईल का? त्या म्हणाल्या, "न सांगून बघितलंय, सर."

निवृत्तीनंतर त्या पिशोरला गेल्या नाहीत. जाता येत नव्हते. त्याच दोन खोल्यांत राहिल्या. महिन्या-दोन महिन्यांनी मी रविवारी जाई. चहा होई, शाळेतल्या बातम्या होत. मुले अजून येतात का असे मी विचारत नसे. त्याही सांगत नसत.

शेवटचा गेलो तेव्हा थंडी होती. गल्लीच्या तोंडाशी आलो आणि थांबलो. बाई बाहेरच्या पायरीवर बसल्या होत्या. त्यांच्याशेजारी एक तरुण मुलगा, कंपनीच्या गणवेशाचा शर्ट, डोके खाली. दोघांच्या मध्ये सुपात तुरीच्या शेंगा होत्या आणि दोघे त्या सोलत होते. मुलगा बोलत होता. एवढ्या लांबून मला शब्द कळत नव्हते, फक्त खांदे हलताना दिसत होते. बाईंनी मान न वळवता मला पाहिले. त्यांनी डावा हात गुडघ्यावरून थोडा उचलला आणि तळवा माझ्याकडे केला. आता नको. मग तो हात पुन्हा सुपात गेला.

मी वळलो आणि घरी आलो. पुढच्या रविवारी जायचे ठरवले होते. गुरुवारी सकाळी शेजाऱ्यांचा फोन आला. झोपेतच गेल्या असे डॉक्टर म्हणाले.

तुळशीराम आला. त्याने खांदा दिला. कुणाशी बोलला नाही. मातीला आमच्या शाळेची बरीच मुले आली होती, जुनी आणि नवी. मी त्यांच्यात त्या मुलाला शोधले, पण मी त्याचे फक्त खाली घातलेले डोके पाहिले होते. तो आला असेल तर मला कळले नाही. बाईंकडे त्याचे काय बोलणे चालले होते आणि त्या गेल्यावर तो कुणाकडे गेला, हेही मला माहीत नाही.

त्या खोल्यांत आता दुसरे कुटुंब राहते. शाळेत खेळाचे नवे शिक्षक आले आहेत, चांगले आहेत, शिट्टी वाजवतात. तुळशीरामने मेंढरे विकली असे कुणीतरी सांगितले. मधल्या सुट्टीत आठवीतली एक मुलगी ग्रंथालयात येऊन बसते. ती पुस्तक घेत नाही. मी तिला जुन्या पुस्तकांना कव्हरे घालायला देतो आणि शेजारी बसून मीही घालतो. ती अजून काही बोललेली नाही. रोज येते.